ब्लोअर, टर्बो आणि एल्वाचा उजवा पाय

पन्नाशी उलटलेल्या मुलाने आईशी बोलताना जमिनीकडे बघायचं, आणि त्याच मुलाने पेट्रोलच्या डेपोवर, गव्हाच्या सायलोपाशी, टेनिस क्लबच्या शेडमध्ये, अगदी चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा उभं राहून तास तास बडबडायचं, याला काय म्हणावं? एल्वा नॉस्के याला लबाडी म्हणत होती. तिचा ट्रेव्हर आयुष्यभर साधा होता. मेंढ्या मोजायला पाठवला तर मेलेल्याही मोजून यायचा, इतका साधा. आणि आता या वयात तो लबाड झाला होता. महिनाभर घरी आला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा, चहा संपवायचा, आणि शेडमध्ये पळायचा.

विषय तरी काय, तर गाडीचा. आणि गाडी कोणाची? एल्वाची. म्हणजे घेतली होती ट्रेव्हरने, इंजिनही त्यानेच बांधलेलं, पण चालवायची एल्वा. जुनी व्हॅलियंट होती, एका ओळीत सहा सिलिंडर, रंग पिकलेल्या जर्दाळूचा. दर मार्चमध्ये ती ट्रेलरवर चढवून खाऱ्या तळ्यावर न्यायची. तळं कसलं, पाण्याचा थेंब नाही, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं टणक मीठ. त्यावर एकेक गाडी सरळ रेषेत सुटते, जाईल तितकी जोरात जाते, आणि मैलांच्या खुणांपाशी घड्याळं लावून बसलेली माणसं तिचा वेग सांगतात. बस. वळण नाही, शर्यत नाही, शेजारी कोणी नाही.

ट्रेव्हरने गाडी खरं तर स्वतःसाठी केली होती. पण पहिल्याच वर्षी, हेल्मेट चढवून, पट्टे आवळून, लोखंडी पिंजऱ्यात बसवल्यावर त्याला असं कोंडल्यासारखं झालं की तो पांढराफटक पडला. एल्वा फक्त सँडविच करायला बरोबर आली होती. ती म्हणाली, "ऊठ, मी बसते. पेट्रोल भरून आणलंय ते काय परत न्यायचं?" तेव्हापासून तीच बसत होती. आता तिला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि दारावर तिचं नाव रंगवलेलं होतं.

मिठावर एक रीत आहे. दारावर ज्याचं नाव, बॉनेटखाली काय बसवायचं त्यात शेवटचा शब्द त्याचा. इंजिन बांधणारा कितीही हुशार असो, गाडी फिरली तर मिठावर उताणा पडणार तो चालवणारा. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडणाऱ्याच्या तंबूत कोणी चहाला जात नाही.

गेल्या मार्चमध्ये व्हॅलियंट ताशी एकशे एकतीस मैलांवर जाऊन अडली होती. पाय तळाशी दाबलेला, इंजिन ओरडतंय, आणि काटा जागचा हलत नाही. पुढे वाऱ्याची भिंतच उभी होती. एल्वाला दीडशे हवे होते. का हवेत, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "जेवताना तुला दुसरा मटण चॉप का हवा असतो?" मग ठरलं की इंजिनाला जास्त हवा कोंबायची. त्याचे दोनच मार्ग. एक टर्बो, दुसरा सुपरचार्जर, ज्याला तिकडे सगळे ब्लोअर म्हणतात. यातलं कुठलं, एवढंच ठरायचं होतं.

आणि ते ठरलं असल्याचं तिला कळलं कुठे, तर रविवारी प्रार्थनेनंतर, केल्व्हिन रोवेटकडून. केल्व्हिनचं शेत कुंपणापलीकडे. तोही मिठावर जायचा.

"एल्वा, माझा ब्लोअर जपून वापर हं," तो लॅमिंग्टन केकचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला. खोबऱ्याचा भुगा त्याच्या टायवर पडला. "लेकरासारखा सांभाळलाय मी त्याला."

"तुझी लेकरं बघितलीत मी," एल्वा म्हणाली. "तुझा ब्लोअर माझ्याकडे कशाला येईल?"

"ट्रेव्हर घेतोय की! मी आता आठ सिलिंडरवर चाललोय ना, मला नको तो. शनिवारी काढून देतो म्हटलं. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे," एल्वा म्हणाली. माहीत नव्हतं. तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि ती ताठ मानेने गाडीकडे निघाली, कारण मान ताठ ठेवली नसती तर नाकाला झोंबलेल्या मिरच्या सगळ्या गावाला दिसल्या असत्या.

या रागाखाली दुसरं एक होतं, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. हिवाळ्यापासून, म्हणजे तिकडच्या जूनपासून, तिचं उजवं पाऊल थरथरायला लागलं होतं. दुखत नव्हतं. त्यात जोरही होता. पण एका जागी हलकं धरून ठेवलं की ते आपलं आपणच नाचायचं. व्हायाला शहरातल्या डॉक्टरांनी पाठीतली नस थकलीय म्हणून सांगितलं, गाडी चालवायला हरकत नाही असंही सांगितलं. पण ट्रेव्हरला कळलं तर? मुलगा डॉक्टरचं थोडंच ऐकणार. तो हळूच तिचं नाव दारावरून खरवडून काढणार, वर म्हणणार की आई, आता आराम कर. आराम हा शब्द एल्वाने मेंढीच्या तोंडीही ऐकून घेतला नसता.

दुपारी ती शेडमध्ये गेली. व्हॅलियंटचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि ट्रेव्हर इंजिनाच्या खळग्यात असा वाकला होता की त्याची फक्त पाठची बाजू दिसत होती. एल्वा त्या बाजूशीच बोलली.

"केल्व्हिनचा ब्लोअर घेतोयस म्हणे."

"अं? हां. बोलणं चाललंय."

"कोणाशी?"

"असंच, याच्यात्याच्याशी."

"याच्यात्याच्याशी. ट्रेव्हर, जरा सरळ उभा राहा आणि त्या दारावरचं नाव वाच. मी चौथीतून शाळा सोडली, मला अक्षरं सावकाश लागतात. तू बोर्डिंगमध्ये शिकलायस."

ट्रेव्हर सरळ झाला. हात चिंधीला पुसत राहिला. "आई, ब्लोअर बरा. मवाळ असतो."

"मवाळ? मी काय दात पडलेली म्हातारी आहे, मवाळ खायला? पेट्रोल डेपोवाल्या शॅरिनच्या गाडीला टर्बो आहे, ती कशी सुसाट जाते. मला दोन्हींतला फरक सांग."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

हे बोलल्याबरोबर त्याचा चेहराच सांगत होता की शब्द परत गिळता आले असते तर बरं झालं असतं. एल्वाने दारावरच्या आपल्या नावावरची धूळ अंगठ्याने पुसली. ती ओरडली असती तर ट्रेव्हरला हायसं वाटलं असतं.

दारात क्लेम उभा होता, तिचा नवरा, हातात तीन मग. "चहा," तो म्हणाला. क्लेम दिवसातून जे काही बोलायचा त्यातलं बरंचसं हेच असायचं.

"तुझ्या मुलाला सांग," एल्वा म्हणाली, "एल्वाला नाही कळत असं म्हणायची हिंमत करू नकोस म्हणावं. तूसुद्धा एवढ्या वर्षांत म्हणाला नाहीस."

क्लेमने मुलाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग मगकडे. "मी नाही," तो म्हणाला आणि स्वतःचा मग घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्वा पेट्रोल डेपोवर गेली. डेपो शॅरिन पॉलिटचा. लहानपणापासून ती एल्वाला आंटी म्हणायची, कारण तिची आई आणि एल्वा एकाच टेनिस टीममध्ये होत्या आणि एकमेकींना हरवण्यात दोघींचं तारुण्य गेलं होतं. शॅरिनची फाल्कन यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, बाहेरच उभी होती. तीही सहा सिलिंडरचीच.

"बॉनेट उघड," एल्वा म्हणाली.

"गुड मॉर्निंग, आंटी. पाय कसा… म्हणजे, तू कशी आहेस?"

"मी कशी आहे ते दिसतंय. तुझा टर्बो दाखव. आणि मला कळेल असं नको सांगूस. जसं आहे तसं सांग."

शॅरिनने बॉनेट उचललं. इंजिनाच्या कुशीला गोगलगाईसारखं गुंडाळलेलं एक लोखंड होतं, दोन्ही बाजूंनी नळ्या जोडलेल्या.

"याच्या आत एकाच दांड्यावर दोन चक्र्या आहेत," शॅरिन म्हणाली. "इंजिनातून निघालेला धूर या बाजूने जातो आणि ही चक्री फिरवतो. ती फिरली की त्याच दांड्यावरची पलीकडची फिरते. ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते."

एल्वाने बोट लावून पाहिलं. लोखंड थंड होतं. तिने नळी कुठून येते आणि कुठे जाते ते बोटानेच हुडकलं, पार एक्झॉस्टपर्यंत. मग परत आली.

"म्हणजे जो धूर मागच्या नळीतून फुकट जायचा, त्याला जाता जाता कामाला लावायचं?"

"अगदी तसंच."

एल्वाला हे फार आवडलं. ती अशा घरात वाढली होती जिथे भांड्यांचं पाणी लिंबाच्या झाडाला जायचं आणि झाडाखाली सांडलेलं कोंबड्या प्यायच्या. "आणि ब्लोअर?"

"त्याला धुराशी देणंघेणं नाही. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन जितकं फिरेल तितका तो. तू पाय टेकवलास की त्याच क्षणी हवा. पण त्याला फिरवायचा जोर तो इंजिनातूनच खातो."

"म्हणजे क्लेमच्या ताटातला चॉप उचलायचा आणि क्लेमलाच वाढायचा."

शॅरिन खो खो हसली. "पण आंटी, एक उचलून तो दोन परत वाढतो. उगाच नाही लोक लावत. आणि टर्बोला उशीर लागतो. धूर साठायला हवा, चक्रीने वेग घ्यायला हवा. पाय दाबलास की आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम होतं."

"आणि मवाळ कोण?"

शॅरिन बॉनेटच्या कडेवरची धूळ पुसायला लागली. तिची नजर खाली, एल्वाच्या उजव्या बुटावर गेली आणि पटकन बाजूला झाली. एल्वाने बूट पाहिला. मेंढीची लेंडी लागलीय की काय असं वाटलं, पण बूट स्वच्छ होता.

"ते… लोक म्हणतात ब्लोअर," शॅरिन म्हणाली.

"कोणते लोक?"

"सगळेच."

"मग मी चालवूनच बघते. गुरुवारी ही यूट घेऊन आमच्या मागच्या सपाटीवर ये. केल्व्हिनला मी सांगते, त्याने अजून ब्लोअर काढलेला नाही."

केल्व्हिनने फोनवर थोडी कुरकुर केली. "ट्रेव्हरला विचारलंस का, एल्वा?"

"ट्रेव्हरने मला विचारलं का?"

"हे बघ, तुमच्या मायलेकांच्या मध्ये मला…"

"तू मध्ये नाहीस, केल्व्हिन. तुझी गाडी मध्ये आहे. हवं तर तू घरी राहा, गाडी पाठव."

तो आला.

नॉस्क्यांच्या मागच्या कुरणापलीकडे एक सपाटी होती. पावसाळ्यात पाणी साचायचं, उन्हाळ्यात सुकून चिकणमातीची टणक तबकडी व्हायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला उभी केलेली यूट काडेपेटीएवढी दिसेल इतकी लांब. मिठाची सवय करायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. मातीही मिठासारखीच, चाकाला पकड देते न देते. चाक जरा घसरलं की माती खरवडली जाते, आणि तो ओरखडा पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो.

एल्वा आधी केल्व्हिनच्या होल्डन गाडीत बसली. तिने पाय टेकवला, आणि गाडी निघाली. मध्ये काही नाहीच. पाय आणि गाडी, दोन्ही एकाच अंगाचे असल्यासारखे. बॉनेटखाली ब्लोअर रडव्या मुलासारखा कण्हायला लागला, आणि जसजसा तिने पाय दाबला तसतसा त्याचा आवाज चढत गेला. तिला हसू फुटलं. मनातल्या मनात ती ट्रेव्हरला माफही करायला निघाली होती. खरंच शहाणी वस्तू होती. सांगितलं तेवढं, सांगितल्याबरोबर.

मग वेग वाढला, पाय एका जागी हलका धरायची वेळ आली, आणि पाऊल नाचायला लागलं.

ते नाचलं तशी गाडीही नाचली. थरथर, ओढ, ढिल, ओढ, ढिल. पायाचं एकेक कंपन ब्लोअरने इमानदारीने चाकांपर्यंत पोचवलं. शेपटाकडून गाडी डावीउजवीकडे वळवळायला लागली. एल्वाच्या हातांनी ती सरळ ठेवली, हात तिचे पक्के होते, पण सपाटीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचे खांदे भरून आले. ती वळली, परत आली, उतरली.

"कशी वाटली?" केल्व्हिनने विचारलं.

"छान आहे," एल्वा म्हणाली. तिने झगा झटकला. एकशे वीसच्या पुढे, मिठावर, असं वळवळणं म्हणजे काय, ते तिला कोणी सांगायला नको होतं. दीडशे मैल जाऊ देत, यापुढे चालवायचंच की नाही हा प्रश्न आता तिच्या स्वतःच्याच पायाने विचारला होता.

ती शॅरिनच्या यूटमध्ये बसली ती जरा मुकाट्यानेच.

पाय दाबला. यूट सरकली, साध्या गाडीसारखी. एल्वाने आणखी दाबला. "ही झोपलीय का काय?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तेवढ्यात पाठीत लाथ बसली. शेपूट सर्रकन एका बाजूला गेलं, एल्वाने हातांनी ते परत आणलं, आणि तोंडातून एक शिवी निघाली जी ल्युथरन पंथाच्या बायका फक्त मेंढ्यांच्या गोठ्यात वापरतात. मग गाडी सरळ झाली आणि धावायला लागली.

तिने पाय हलका धरला. पाऊल नाचायला लागलं. एल्वा थांबली, वाट बघत. आता वळवळेल. आता. आता.

गाडी वळवळली नाही.

एल्वाने मान खाली करून पाहिलं, खरंच नाचतंय ना पाऊल? नाचत होतं. वर पाहिलं. नाक समोरच्या एकाच झाडावर रोखलेलं, रेषेत. तिला आश्चर्य वाटलं, आणि मग ती हट्टालाच पेटली. टोकाहून वळून परत येताना तिने मुद्दाम पाय हलवला, थरथरतो त्यापेक्षा दुप्पट, हेतुपुरस्सर, शिवणयंत्राच्या पायट्यासारखा. जराशी कुजबुज झाली इंजिनात, एवढंच. यूट आपली चाललेली. मग पाय पूर्ण काढून पुन्हा दाबून पाहिला. लाथ पुन्हा बसली, पण आता ती कधी बसणार ते तिला कळत होतं. आधी एक शिट्टी वाजते, बारीक, दातांतून वाजवल्यासारखी. शिट्टी ऐकली की सांभाळायचं.

तिने तिसऱ्यांदा फेरी मारली. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं का, पण तिला उतरवत नव्हतं.

"शॅरिन," ती उतरून म्हणाली, "पाय हलला तर टर्बो का हलत नाही?"

शॅरिन केल्व्हिनकडे बघत म्हणाली, "चक्री एकदा भन्नाट फिरायला लागली की तिला मंदावायला वेळ लागतो, आंटी. बारीकसारीक हालचाल तिच्यापर्यंत पोचेपर्यंत विरून जाते."

"म्हणजे तो आळशी आहे ते बरंच आहे."

"तसं म्हण."

"आमचे मासिकवाले त्यालाच टर्बोचा दोष म्हणतात," केल्व्हिन म्हणाला.

"त्यांचे पाय तरणे असतील," एल्वा म्हणाली आणि जीभ चावली.

पण केल्व्हिनने ते ऐकलंच नव्हतं. तो आपल्याच विचारात होता, आणि जिभेला हाड नसलेला माणूस विचार करायला लागला की तो मोठ्यानेच करतो. "पण ट्रेव्हर तर अगदी उलट सांगत होता. म्हणाला, ज्याचा पाय थरथरतो त्याला ब्लोअरच…"

शॅरिनने डोळे मिटून घेतले.

"कोणाचा पाय?" एल्वाने विचारलं.

केल्व्हिनने टोपी काढून पुन्हा घातली.

"केल्व्हिन रोवेट, कोणाचा पाय?"

"एल्वा, आता… चर्चमध्ये तू बसतेस ना, तो बाक जुना आहे. खालची फळी सैल आहे. प्रवचन चालू असलं की तुझा बूट तिच्यावर… टकटकटकटक. आम्हाला आधी वाटलं उंदीर आहे. पास्टरने पिंजरासुद्धा लावला होता."

"कधीपासून?"

"जूनपासून," शॅरिन हळूच म्हणाली. "आंटी, कोणी हसलं नाही हं. ट्रेव्हर सगळ्यांना एकच विचारत फिरत होता, कुठलं बसवलं तर आईच्या पायाला सोपं जाईल. माझ्याकडे आला होता, केल्व्हिनकडे, सायलोवरच्या माणसाकडे. आम्हीच सगळ्यांनी ब्लोअर सांगितला. पाय ठेवला तेवढंच देतो, दगा देत नाही, म्हटलं. पण तुझा पायच एकसारखं मागत नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही."

 एल्वा पाठ फिरवून सपाटीवर चालत गेली, चाकांच्या खुणांच्या बाजूबाजूने. सगळ्या गावाने जूनपासून तिचा पाय ऐकला होता. ती टोपी घालून, ताठ बसून, आपल्या पायाचं कोणाला कळलेलं नाही अशा समजुतीत राहिली होती, आणि मागच्या बाकावर उंदराची चर्चा चालली होती. तिचे कान गरम झाले. मग हळूहळू तिची नजर मातीवर ठरली, कारण मातीत काहीतरी होतं. ती वाकली.

कुरणाच्या बाजूने धुळीचा लोट येत होता. ट्रेव्हरची यूट, शेजारी क्लेम बसलेला. त्याने सपाटीवरची धूळ बघितली असणार. तो दार उघडं टाकूनच उतरला आणि जवळजवळ धावत आला.

"आई! तू ठीक आहेस ना? तू टर्बो चालवलास? एकटी? तो लाथ मारतो, तुझ्या…" तो थांबला.

"बोल की. माझ्या पायाला."

ट्रेव्हरने केल्व्हिनकडे बघितलं. केल्व्हिन आपल्या टायरकडे बघत होता.

"गावाला विचारलंस," एल्वा म्हणाली. "मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, कसला पाय, माझा पाय ठणठणीत आहे."

 हे खरं होतं. शब्दन् शब्द तिने हेच म्हटलं असतं.

"आणि तू खोटं बोलली असतीस तर मला ते पकडावं लागलं असतं," ट्रेव्हर म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता, लहानपणी कोकरू मेलं की व्हायचा तसा. "मिठावर गाड्या सोडणाऱ्या क्लबला सांगावं लागलं असतं. तुला उतरवावं लागलं असतं. मला उतरवायचं नव्हतं, आई. मला तुला बसवायचं होतं. म्हणून मवाळ शोधत होतो."

एल्वा इतके दिवस जिची भीती धरून बसली होती, ती गोष्ट उलट्या बाजूने तिच्यासमोर उभी होती.  तिने त्याची बाही धरली.

"इकडे ये. हे बघ. ही केल्व्हिनची होल्डन. बघ काय केलंय तिने."

मातीवर होल्डनच्या मागच्या चाकांची वाट दिसत होती, आणि तिच्यात ठिकठिकाणी बारीक ओरखडे, कोंबडीने पायांनी उकरल्यासारखे, थोड्या थोड्या अंतरावर, पार टोकापर्यंत.

"माझा पाय जितक्यांदा हलला तितक्यांदा चाक सुटलं. सगळं लिहून ठेवलंय मातीने. आता ही शॅरिनची."

यूटच्या पहिल्या फेरीच्या वाटेत एका जागी मोठा वाकडा घाव होता, हातभर लांब. तिथून पुढे दोन सरळ रेषा, सुतळी ताणून मारल्यासारख्या.

ट्रेव्हर गुडघ्यावर बसला. त्याने घाव बोटाने चाचपला, मग रेषा, मग उठून होल्डनच्या वाटेकडे गेला, परत आला. आता त्याच्या चेहऱ्यावर मघाची भीती नव्हती. तो विचारात पडला होता. लहानपणी घड्याळ उघडून बसायचा तसा.

"ही एकच लाथ," तो म्हणाला. "आणि मग काही नाही."

"ती मारायच्या आधी शिट्टी वाजवते. मला ऐकू येते, तुझ्या बापासारखे कान नाहीत माझे."

"पहिल्या मैलाला जोर कमी ठेवता येईल," ट्रेव्हर स्वतःशीच पुटपुटला. "झडप लावून. हळूहळू वाढवत न्यायचा. हवा गार करायला बर्फाची पेटी… पण आई, मग पाय…"

"माझा पाय थरथरतो," एल्वा म्हणाली. केल्व्हिनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "डॉक्टरांचा कागद आहे, तो उद्या तू क्लबला दाखव. त्यांनी नाही म्हटलं तर मी सँडविच करेन आणि कोणाला दोष देणार नाही. हो म्हटलं तर मी बसेन."

ट्रेव्हर मान हलवत उभा राहिला. मग पुन्हा जमिनीकडे बघायला लागला, सवयीने.

"वर बघ," एल्वा म्हणाली. "वर बघ आणि ऐक, कारण हे मी एकदाच सांगणार आहे. टर्बो बसव. केल्व्हिनचा ब्लोअर चांगला आहे, पण तो माझं फार ऐकतो. आणि तुझं म्हणशील, तर मी महिनाभर तुला लबाड समजत होते. लबाड नाहीस तू. भित्रा आहेस, आणि तो गुण तू माझ्याकडून उचललास, कारण मीही जूनपासून भीत होते. पण माझं शरीर माझं आहे, ट्रेव्हर. त्यात काय मोडलंय ते पहिल्यांदा मला विचारायचं, आणि मी खोटं बोलले तर तिथेच उभं राहून मला खोटारडी म्हणायचं. तेवढी छाती होत नसेल तर मार्चमध्ये माझे पट्टे आवळायला दुसरा माणूस शोधते. होत असेल तर आत्ता म्हणून दाखव."

ट्रेव्हरने तिच्याकडे बघितलं. "खोटारडी," तो म्हणाला.

"शाबास. आता तुझ्या बापाला तिथे गाडीत जाऊन सांग की टर्बो घेतोय. आणि यापुढे याच तोंडाने माझ्याशी बोलत जा."